पाण्याऐवजी पीसीएम स्लरी: हिशेबात पावणेतीनपट उष्मा, मोजमापात पाण्याहूनही कमी, असे का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बॅटरीच्या शीतन-प्लेटमधून उष्मा काढण्यासाठी २० मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीच्या बंद लूपमध्ये पाण्याऐवजी ऑक्टाडेकेन हे मेण भरलेल्या मायक्रोकॅप्सूलची, म्हणजे कवच असलेल्या अतिसूक्ष्म गोळ्यांची, पाण्यात मिसळलेली स्लरी (कॅप्सूल वजनाने २५ टक्के) फिरवली. चिलर स्लरीला २४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतो आणि प्लेटमधून ती ३० अंशांना बाहेर पडते. हिशेबाप्रमाणे तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या पावणेतीनपट उष्मा वाहून जायला हवा होता. प्रत्यक्षात तो पाण्यापेक्षाही थोडा कमी भरला, प्लेट अधिक तापली, आणि सुट्टीनंतर टाकी उघडली तेव्हा वर पांढरा दाट थर साचलेला होता. हिशेब चुकला की पुरवठादाराने खराब माल दिला, असे विचारले आहे.

हिशेब बरोबर आहे आणि माल खराब असण्याची शक्यता कमी आहे. चुकले आहे ते लूपचे थंड टोक. पीसीएम, म्हणजे अवस्थांतर पदार्थ, विकत घेताना आपण त्याचा वितळणबिंदू पाहतो. पण फिरत्या स्लरीत कॅप्सूलला प्रत्येक फेरीत वितळायचे असते आणि प्रत्येक फेरीत पुन्हा गोठायचेही असते. जी कॅप्सूल थंड टोकाला गोठली नाही ती पुढच्या फेरीत वितळू शकत नाही, आणि तिची अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता वितळताना शोषली जाणारी उष्मा, कागदावरच राहते.

आधी हिशेब तपासून घेऊ. शुद्ध ऑक्टाडेकेन सुमारे २८ अंशांना वितळते आणि त्याची अप्रकट उष्मा प्रति किलोग्रॅम साधारण २४० किलोज्यूल असते. कॅप्सूलच्या वजनात गाभा ८० टक्के धरला तर कोरड्या भुकटीची अप्रकट उष्मा १९२ किलोज्यूल होते, आणि २५ टक्के स्लरीत प्रति किलोग्रॅम ४८ किलोज्यूल उरतात. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८ आणि कॅप्सूलची सुमारे २ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश धरली, तर स्लरीची सुमारे ३.६ येते. सहा अंशांच्या फरकासाठी स्लरी तापवायला सुमारे २२ किलोज्यूल आणि वितळवायला ४८, म्हणजे एकूण ७० किलोज्यूल लागतात. पाण्याला त्याच फरकासाठी २५ लागतात. पावणेतीनपट हे गुणोत्तर इथून आले.

आता हाच हिशेब वीस अंशांच्या फरकासाठी केला, तर स्लरीचे १२१ आणि पाण्याचे ८४ किलोज्यूल होतात, म्हणजे फायदा जेमतेम दीडपटीच्या आत येतो. चाळीस अंशांना तो १६ टक्क्यांवर घसरतो. म्हणून ही स्लरी केवळ अरुंद तापमानपट्ट्यात उपयोगाची आहे, आणि सहा अंशांचा पट्टा निवडण्यात तुमची दिशा योग्यच होती.

पण त्या ४८ किलोज्यूलपैकी एकही वापरला गेला नाही तर काय उरते? प्रति किलोग्रॅम २२ किलोज्यूल, म्हणजे पाण्यापेक्षा सुमारे १३ टक्के कमी. तुमच्या मोजमापात स्लरी पाण्याच्या थोडी खाली भरली हे याच्याशी नेमके जुळते. तुमच्या लूपमध्ये कॅप्सूल गोठतच नाहीत. त्या द्रवरूप गाभा घेऊन २४ आणि ३० अंशांच्या मध्ये नुसत्या फिरत आहेत.

याचे कारण अतिशीतन, म्हणजे वितळणबिंदूच्या खाली जाऊनही पदार्थ द्रवच राहणे. भांड्यातले मेण वितळणबिंदूच्या अंशभर खाली गोठू लागते, कारण एवढ्या मोठ्या साठ्यात कुठेतरी धुळीचा कण, अशुद्धीचा अंश किंवा भांड्याच्या भिंतीवरचा ओरखडा स्फटिक धरायला मिळतो आणि तेथून सुरू झालेला स्फटिक सगळ्या द्रवात पसरतो. तेच मेण दहा मायक्रोमीटरच्या कोट्यवधी कॅप्सूलमध्ये विभागले की प्रत्येक कॅप्सूलला आपले स्वतःचे केंद्रक, म्हणजे स्फटिकाला सुरुवात करून देणारा कण, लागते. बहुतेक कॅप्सूलमध्ये असा कण नसतो आणि शेजारच्या कॅप्सूलमधला स्फटिक कवच ओलांडून येऊ शकत नाही. त्यामुळे ऑक्टाडेकेनसारखे अल्केन काही मायक्रोमीटरच्या कॅप्सूलमध्ये वितळणबिंदूच्या दहा ते पंधरा अंश खाली गेल्याशिवाय पुरते गोठत नाही. कॅप्सूल जितकी लहान, तितके अतिशीतन जास्त. तुमचा चिलर २४ अंशांवर थांबतो, आणि गोठण्याची खरी गरज पंधरा-सोळा अंशांच्या आसपास आहे.

हे तपासायला डीएससीचा, म्हणजे नमुना ठरावीक वेगाने तापवताना वा थंड करताना तो किती उष्मा घेतो-सोडतो हे मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख लागेल, पण पुरवठादाराच्या पत्रकात असतो तो नव्हे. त्या पत्रकात सहसा तापवतानाचा एकच उंच, देखणा शिखरबिंदू असतो. तुम्ही थंड करतानाचा आलेख मागा, आणि तो मिनिटाला एक अंश किंवा त्याहून कमी वेगाने घेतलेला असू द्या. मिनिटाला दहा अंशांचा वेग वापरला तर वितळणे वरच्या बाजूला आणि गोठणे खालच्या बाजूला सरकलेले दिसते, शिखरे फुगतात, आणि पदार्थाचा गुण कोणता व यंत्राचा विलंब कोणता हे वेगळे करता येत नाही. संथ वेगाच्या आलेखात ऑक्टाडेकेनच्या मायक्रोकॅप्सूलची गोठण्याची बाजू अनेकदा दोन किंवा तीन शिखरांत विभागलेली दिसते. प्रत्येक शिखराखालचे क्षेत्रफळ पाहा आणि २४ अंशांच्या वर किती टक्के अप्रकट उष्मा सुटली हे मोजा. तोच तुमच्या लूपमध्ये खरोखर वापरता येणारा हिस्सा आहे. समजा तो एक तृतीयांश निघाला, तर स्लरीची क्षमता सुमारे ३८ किलोज्यूल, म्हणजे पाण्याच्या दीडपट धरावी. पावणेतीनपट धरू नये. स्लरीचा नमुना तपासताना घट्ट बंद होणारी वाटी वापरावी, कारण पाण्याचे बाष्पीभवन झाले की त्याची उष्मा आलेखात मिसळते आणि आकडे निरर्थक होतात.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे चिलर आणखी खाली, १४ अंशांपर्यंत नेणे. तसे केल्यास कॅप्सूल गोठतील, पण पट्टा सहाऐवजी सोळा अंशांचा होईल, आणि त्याच सोळा अंशांत साधे पाणी ६७ किलोज्यूल नेते, तर स्लरी १०६ नेते. शिवाय थंड टोकाचे तापमान उतरले की चिलरची कार्यक्षमता घटते आणि विजेचे बिल वाढते. मी हा मार्ग सुचवणार नाही. दुसरा उपाय कॅप्सूल बनवतानाच गाभ्यात केंद्रक घालण्याचा आहे. ऑक्टाडेकेनसाठी १-ऑक्टाडेकॅनॉल किंवा जास्त वितळणबिंदूचे मेण काही टक्के मिसळतात. ते आधी गोठते आणि त्याच्या पृष्ठभागावर ऑक्टाडेकेन स्फटिक धरते. याने अप्रकट उष्मा थोडी घटते, आणि प्रमाण जास्त झाले तर कवचाची घडणही बिघडते, तरी प्रत्येक फेरीत खात्रीने गोठणारे २२० किलोज्यूल हे न गोठणाऱ्या २४० पेक्षा निःसंशय चांगले. तयार स्लरीत बाहेरून केंद्रक घालून काही साधत नाही, कारण ते कवचाच्या आत पोचायला हवे. म्हणून पुढची खरेदी करताना ही मागणी आधीच लेखी करा.

आता प्लेट का तापली ते पाहू. याचा संबंध अप्रकट उष्म्याशी कमी आणि प्रवाहाशी जास्त आहे, आणि या विषयावरच्या पुष्कळ लिखाणात नेमकी इथेच वाचकाची दिशाभूल होते.

तुमच्या स्लरीत कॅप्सूलची घनता घनमीटरला ९०० किलोग्रॅमच्या आसपास धरली तर वजनाचे २५ टक्के म्हणजे घनफळाचे सुमारे २७ टक्के होतात. श्यानतेचे, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाचे, आइन्स्टाइनचे १९०६ मधले सूत्र विरळ निलंबनासाठी, म्हणजे थोडेच कण तरंगत असलेल्या द्रवासाठी, आहे. एवढ्या दाट स्लरीला ते लागू पडत नाही. इथे बहुतेक जण वँड यांचे १९४५ चे सूत्र वापरतात. त्यात एक अचर आहे, जो गुळगुळीत, कडक गोळ्यांसाठी १.१६ धरला जातो. त्याने तुमच्या स्लरीची श्यानता पाण्याच्या तिप्पट येते. पण मायक्रोकॅप्सूलच्या मोजमापांतून हाच अचर ३.४ ते ३.७ इतका मोठाही निघालेला आहे, कारण खऱ्या कॅप्सूल खडबडीत असतात, त्यांना गाभा आकसल्यामुळे खळगे पडलेले असतात, त्या पुंजके करतात आणि कवचाभोवती पाणी धरून ठेवतात. ३.७ घेतले तर श्यानता सातपट होते. घनफळाचा अंश ४० टक्के केला तर १.१६ ने नऊपट श्यानता मिळते, आणि ३.७ ने सूत्राचा छेद जवळजवळ शून्य होऊन उत्तरच निरर्थक ठरते. म्हणून सूत्रावर विसंबू नका. फिरत्या श्यानतामापकाने तुमच्याच स्लरीची श्यानता वितळणबिंदूच्या खाली आणि वर, दोन्हीकडे मोजा, आणि ती किमान तीन-चार वेगवेगळ्या अपरूपण-दरांना, म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून घसरण्याच्या वेगवेगळ्या दरांना, मोजा. या प्रमाणापर्यंत बहुतेक स्लरी न्यूटनीय वागतात, म्हणजे या दराप्रमाणे त्यांची श्यानता बदलत नाही, पण घनफळाचा अंश ३० टक्क्यांच्या पुढे गेला की अपरूपण वाढेल तशी श्यानता घटू लागते आणि एकच आकडा पुरत नाही.

आता हे तुमच्या नळीला लावू. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने २५ अंशांचे पाणी वाहत असताना रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा अंक, ११,००० च्या वर असतो, प्रवाह संक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी ढवळला जाणारा, असतो आणि भिंतीवरचा उष्मा-संक्रमण गुणांक (भिंतीतून द्रवात उष्मा किती सहज जातो त्याचे माप) प्रति चौरस मीटर प्रति अंश सुमारे २,५०० वॅट मिळतो. त्याच वेगाने स्लरी वाहवली तर श्यानता तिप्पट असताना हा अंक सुमारे ३,६०० आणि सातपट असताना १,६०० च्या आत येतो. म्हणजे सातपट श्यानतेला प्रवाह स्तरीय, म्हणजे एकमेकांत न मिसळणाऱ्या थरांचा, झाला. त्यातच मेणाची उष्मावाहकता कमी असल्यामुळे स्लरीची वाहकता पाण्याच्या ०.६ वरून सुमारे ०.४७ वॅट प्रति मीटर प्रति अंशावर उतरते. २० मिलिमीटरच्या नळीत पूर्ण विकसित स्तरीय प्रवाहाचा गुणांक मग केवळ शंभरच्या आसपास राहतो. चारुन्याकोर्न, सेनगुप्ता आणि रॉय यांनी १९९१ मध्ये गणिती प्रतिमानातून दाखवले की वितळणाऱ्या कॅप्सूलमुळे स्तरीय प्रवाहातील उष्मा-संक्रमण दोन ते चार पटींपर्यंत वाढू शकते. तो निष्कर्ष मोलाचा आहे, परंतु तुलना एकावस्थ, म्हणजे काहीही वितळत नसलेल्या द्रवाच्या, स्तरीय प्रवाहाशी आहे. शंभरचे तीन-चारशे झाले तरी ते संक्षुब्ध पाण्याच्या अडीच हजारांपासून फार दूर आहेत. प्लेटची भिंत तापली ती यामुळे. कॅप्सूल व्यवस्थित गोठल्या असत्या तरीही या नळीत ती पाण्यापेक्षा अधिक तापली असती.

म्हणून स्लरीची आणि पाण्याची तुलना समान रेनॉल्ड्स अंकावर केलेली दिसली की सावध व्हा. श्यानता सातपट असताना तोच अंक गाठायला स्लरी सातपट वेगाने ढकलावी लागते आणि पंपाचा खर्च तुलनेतून गायब होतो. प्रामाणिक तुलना समान पंप-शक्तीवर किंवा समान वाहून नेलेल्या उष्म्यावर करावी. तशी केली तर स्लरीची खरी ताकद दिसते. कॅप्सूल पूर्ण गोठत-वितळत असतील तर तेवढाच उष्मा न्यायला सेकंदाला अर्ध्या मीटरऐवजी सुमारे ०.१८ मीटर वेग पुरतो. पाण्याला त्या नळीत प्रति मीटर सुमारे १९० पास्कल दाब खर्चावा लागत होता. सातपट श्यान स्लरीला या कमी वेगात सुमारे ९० पास्कल लागतात. दाब निम्मा आणि प्रवाह एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे पंपाची शक्ती साधारण एक षष्ठांश. लांब अंतराच्या नळ्यांत आणि साठवण-टाकीत स्लरी जिंकते. मोठ्या व्यासाच्या नळीच्या भिंतीपाशी हरते. मग करायचे ते असे, की वाहून नेणाऱ्या नळ्या आहेत तशा ठेवा आणि प्लेटच्या आत मात्र एक ते दोन मिलिमीटरच्या अनेक समांतर वाहिन्या द्या. स्तरीय प्रवाहात गुणांक व्यासाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. एक मिलिमीटरच्या वाहिनीत तो वितळण्याचा फायदा न धरताही दोन हजारांच्या आसपास जातो. चिलरच्या बाजूलाही हीच काळजी घ्या, कारण गोठण्याची उष्मा त्याच मंद प्रवाहातून बाहेर काढायची आहे, आणि तो उष्मा-विनिमयक पाण्याच्या हिशेबाने निवडला असेल तर हमखास अपुरा पडतो.

कॅप्सूलमधला गाभा वितळायला वेळ लागतो का, असेही विचारले जाते. दहा मायक्रोमीटरच्या कॅप्सूलला सभोवतालच्या पाण्याचा पाच अंशांचा फरक मिळाला तर काही मिलिसेकंद पुरतात, त्यामुळे तुमच्या लूपमध्ये हा प्रश्नच नाही. हा वेळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून मिलिमीटरभर जाडीच्या गोळ्यांना काही सेकंद ते मिनिटभर लागू शकते आणि लहान प्लेटमधून त्या अर्धवट वितळूनच बाहेर पडतात.

फिरत्या कणांमुळे स्लरीची वाहकता आपोआप वाढते, हे विधानही तपासून घ्यावे. अपरूपणात कण गरगरतो आणि भोवतालचे पाणी ढवळतो हे खरे, पण परिणाम अपरूपण-दर आणि व्यासाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. तुमच्या नळीत ०.१८ मीटर वेगाला दहा मायक्रोमीटरच्या कॅप्सूलसाठी ही वाढ जेमतेम एक टक्का येते. शंभर मायक्रोमीटरच्या कॅप्सूलसाठी तीच साठ टक्क्यांच्या वर जाते. मात्र तेवढ्या मोठ्या कॅप्सूल पंपात फुटतात आणि टाकीत झपाट्याने वर येतात.

टाकीतला तो पांढरा थर याच वर येण्याचा आहे. कॅप्सूल पाण्यापेक्षा हलक्या असल्यामुळे स्थिर स्लरीत त्या दुधावरच्या सायीसारख्या वर जमतात. घनतेचा फरक घनमीटरला १०० किलोग्रॅम धरला तर स्टोक्सच्या नियमाने सुटी दहा मायक्रोमीटरची कॅप्सूल तासाला सुमारे २० मिलिमीटर, म्हणजे दिवसात जवळजवळ अर्धा मीटर चढते; दोन मायक्रोमीटरची कॅप्सूल दिवसाला दोन सेंटीमीटर. दाट स्लरीत कॅप्सूल एकमेकींना अडवतात म्हणून प्रत्यक्ष वेग कमी असतो, पण पुंजके झाले की तो पुन्हा वाढतो. एक साधी परीक्षा करा. काचेच्या उंच मोजपात्रात स्लरी भरून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी खाली किती उंचीपर्यंत पाणी नितळ झाले ते मोजा, आणि मग पात्र हलके उलटे-सुलटे करा. थर सहज विरघळल्यासारखा मोडला तर फारशी चिंता नाही. रोज काही मिनिटे टाकी फिरवली की पुरते. थराचे तुकडे चिवटपणे तसेच राहिले तर कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या आहेत आणि पृष्ठसक्रियक, म्हणजे कॅप्सूल एकमेकींपासून सुट्या ठेवणारे रसायन, बदलायला हवा. टाकीत सतत ढवळणी मात्र लावू नका. तिने थंड आणि गरम स्लरीचे थर एकमेकांत मिसळतात आणि साठवलेली थंडी वाया जाते. हजार लिटरच्या टाकीत सहा अंशांच्या पट्ट्यात पाणी सुमारे ७ किलोवॅट-तास साठवते आणि गोठणारी स्लरी सुमारे १९. हा फायदा नीट थर राखलेल्या टाकीतच पदरात पडतो.

शेवटचा मुद्दा कवचाचा. मेण वितळताना दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त फुगते, प्रत्येक फेरीत कवच ताणले जाते, आणि त्यातच पंपाचे पाते, झडपेचा अरुंद गळा आणि दाबाचा झटका यांचा मार बसतो. गिअर पंप दात्यांच्या फटीत कॅप्सूल चिरडतो, तो वापरू नये. लहान आणि व्यासाच्या मानाने जाड कवचाच्या कॅप्सूल संथ फिरणाऱ्या केंद्रोत्सारी पंपात बऱ्यापैकी टिकतात. प्रवाह कमी करण्यासाठी झडप आवळण्याऐवजी पंपाचा वेगच उतरवावा. कवच जाड केले की गाभ्याचा हिस्सा आणि त्याबरोबर अप्रकट उष्मा कमी होते, तेव्हा हा सौदा पंप निवडण्याआधीच ठरवावा लागतो.

फुटलेल्या कॅप्सूल किती, हे कळायला सूक्ष्मदर्शकापेक्षा तोच थंड करतानाचा डीएससी आलेख अधिक उपयोगी पडतो. लूप सुरू करण्याआधीचा एक नमुना राखून ठेवा आणि ठरावीक फेऱ्यांनंतरच्या नमुन्याशी त्याची तुलना करा. बाहेर सांडलेले मेण एकत्र येऊन मोठे थेंब करते, त्याला अतिशीतन नसते, आणि म्हणून ते २७ अंशांच्या आसपास एक वेगळे छोटे शिखर उठवते. आधीच्या आलेखात नसलेले ते शिखर दिसू लागले, आणि केंद्रक घातलेल्या कॅप्सूलचे गोठणे त्याखाली झाकले जाण्याइतके जवळ नसेल, तर स्लरी गाळून, पृष्ठभागावरचे मेण काढून टाकावे आणि चिलरच्या बाजूचा उष्मा-विनिमयक उघडून पाहावा. मोकळे मेण सर्वांत आधी त्याच्या थंड भिंतीवर बसते आणि कॅप्सूलना गोठवणारा मार्गच तिथे बंद होत जातो.